टोपीवाल्या धुळाप्पानं उचललेला भंडारा

सोलापुरात एके काळी धुळाप्पाचं तोंड बैलगाडीएवढं मोठं रंगवून चौकात उभं केलं व्हतं. डोक्यावर विलायती टोपी, गळ्यात तांबडा रुमाल, मांडीखाली काळं घोडं, हातात पिस्तूल. येनारी-जानारी मानसं मान वर करून बघायची आनि त्यातलं कुनीतरी म्हनायचंच, "आरं, ह्यो तर वळसंगकडचा धनगर! मेंढरं राखायचा की ह्यो!" खोटं न्हवतं ते. पिस्तुलाच्या आधी त्या हातात काठीच व्हती.

वळसंगच्या फुडं माळावर धनगराची मोजकी घरं. मधी बिरोबाचं देऊळ, देऊळ म्हंजे काय, दगडाच्या चार भिती नि वर पत्रा. धुळाप्पाची आय त्याचं दूध तुटायच्या आधीच गेली. बाप मेंढरामागं वर्साचं आठ महिनं रानोमाळ. मग त्याला वाढवलं कुनी? शेजारच्या तानाबाईनं. ती रांडमुंड बाई, तिला एकच ल्योक, ज्ञानू. तिनं दोन्ही पोरं एका परातीत जेवू घातली, एका घोंगड्यात निजवली. धुळाप्पा तिला आत्ती म्हनायचा. बिऱ्हाड वाहायला एक तट्टू व्हतं, त्याच्यावर दोघं पोरं खोगीर न्हाय, लगाम न्हाय, नुसती आयाळ धरून सुटायची. धुळाप्पा फुडं, ज्ञानू मागं त्याची कंबर धरून. घोड्याचं शिक्शन त्याला पिक्चरवाल्यांनी न्हाय दिलं, त्या तट्टानं दिलं.

ज्ञानूची येक खोड व्हती. त्याला तहान लई. बाकीची पोरं दिसभर ऊन खाऊन सांजंला पानी प्यायची, ह्येला घटकंघटकंला पायजे. तानाबाई हसायची, "ह्यो मागल्या जल्मी मासा व्हता, चुकून धनगराच्या पोटी आला."

येकदा दोघं सोलापूरला लोकर विकाय गेले आनि परत आले ते मिल्ट्रीत नाव घालून. तानाबाईनं आधी दोघांच्या पाठीत येकेक रट्टा घातला, मग रडली, मग दोघांसाठी शेंगाची चटनी कुटाय बसली. यष्टीत बसवताना धुळाप्पाला म्हनली, "धुळ्या, तू समजूतदार हायस. ह्येच्या पान्याकडं तेवडं बघ रं लेकरा."

"बघतो की आत्ती. त्यात काय सांगायचं!"

बास, एवढंच बोलनं झालं. पन हेच बोलनं फुडं धुळाप्पाच्या उरावर जलमभर बसलं.

एकाहत्तर सालची लढाई लागली. ह्येंची पलटन पार तिकडं, जिथं नुसती वाळूच वाळू. दिवसा तापती, राच्चं हाडं गोठवती. येका टेकाडावर दुश्मनाची मशीनगन व्हती, ती ह्येंची मानसं ज्वारीच्या कनसावानी खुडत व्हती. ती बंद कराय राच्चं जी टोळी निगाली, त्यात हे दोघं. ज्ञानूच्या खांद्यावर गोळ्यांची जड पेटी, म्हनून त्याची पान्याची बाटली धुळाप्पानं आपल्या कमरंला लावली. दोन बाटल्या, दोनी त्याच्याकडं.

टेकाडाच्या निम्म्यावर ज्ञानूच्या पोटात गोळी बसली. वाळूत उताना पडला. "धुळ्या, पानी दे," म्हनला. धुळाप्पा खाली वाकला, बाटलीला हात बी घातला त्यानं. तेवढ्यात मागनं सुभेदाराची हाळी आली, "थांबू नका, फुडं चला!" मिल्ट्रीत हुकूम कानात शिरला की पाय आपसूक उचलतोय, मन मागं ऱ्हातंय. धुळाप्पा म्हनला, "आलोच. आलोच रं ज्ञान्या," आनि फुडं पळाला. दोन्ही बाटल्या कमरंला तशाच.

त्यानं ती गन बंद केली. त्यात खोटं काय न्हाय. येकटा गेला, हातगोळा फेकला, आत उडी मारून तिघांना गार केलं. किती मानसं वाचली त्याच्यापायी! पन परत येऊस्तोवर उजाडलं. ज्ञानू व्हता तिथंच व्हता. त्याच्या मुठीत वाळू, आनि तोंडात बी वाळू. तहानंनं मानूस काय काय करतंय, देवाला ठावं. धुळाप्पानं बाटली उघडली, मेलेल्याच्या तोंडात पानी वतलं. ते आत गेलंच न्हाय.

त्याला दिल्लीला बोलावून पदक दिलं. सोलापुरात जीपगाडीतनं मिरवनूक काढली, हार घातले, येका सायबानं भाशन केलं. वाडीवर आला तवा बायांनी ववाळलं. त्याची बायकू अंबुबाई लाजून दाराआड उभी व्हती. ही सगळी गर्दी सारून तानाबाई फुडं आली. तिच्याकडं मिल्ट्रीवाल्यांनी ज्ञानूची पेटी धाडलेली, मानूस तिकडंच जाळला. ती रडली न्हाय. धुळाप्पाच्या दोन्ही गालावरनं हात फिरवला नि म्हनली, "येकच सांग. माज्या पोराच्या तोंडात पानी कुनी घातलं?"

आपल्यात बाकी काय न्हाय झालं तरी चालतंय. पन मरत्याच्या तोंडात पानी पडाय पायजे. दुश्मनाच्या बी घालत्यात. न्हाय पडलं तर त्यो जीव तहानेला फिरतोय म्हनत्यात.

धुळाप्पा म्हनला, "आत्ती, झालं समदं नीट," आनि हातपाय धुवाय म्हनून मागल्या दारानं गेला.

बाई खुळी न्हवती. एवढ्याशा सवालाचं उत्तर देताना जो मानूस हातपाय धुवाय जातोय, त्याचं उत्तर तिला कळलं नसंल का? तिनं परत इचारलं न्हाय. पन त्या दिसापासनं रोज सांजंला अंगनातल्या दगडावर तांब्याभर पानी ठिवाय लागली. आधी तो तांब्या भरून ठिवायचा, मगच आपन घोट घ्यायचा. धुळाप्पाच्या घराचं दार नेमकं त्या दगडाकडं. येता-जाता त्यो तांब्या त्याला दिसायचा.

त्यातच दुष्काळ पडला, बहात्तरचा. हिरी आटल्या, मेंढरं मेली. मानसं खडी फोडाय गेली, सुकडी खाऊन जगली. पलटनीतनं धुळाप्पाला घरी धाडलं व्हतं, मोठा आवाज झाला की त्याचं हात कापायचं म्हनून. मग त्यो बी खडीच्या कामावर. पदकवाला मानूस घन घालतोय! चिमाबाई नावाची येक तोंडाळ बाई व्हती, ती म्हनायची, "धुळाप्पा, त्ये पदक इस्तवात टाकून बघ, भाकरी फुगती का."

अशात कोल्हापूरचा येक पिक्चरवाला त्याला हुडकत आला. मानसिंगराव त्येचं नाव. मोठा मानूस, पांढरी पँट, गॉगल. तिकडं विलायतंत घोड्यावरचं पिक्चर निगत्यात म्हनं, टोपी घालून गोळ्या मारत्यात, तसला पिक्चर त्याला मराठीत काढायचा व्हता. लढाईतनं आलेला गडी गावाकडं येतोय, गावात दरोडेखोर माजल्यात, हा घोड्यावर बसून येकेकाला उडवतोय. आनि गडी नुसता नट नगं, खरा लढाईतला पायजे, खरं पदक पायजे.

"घोड्यावर बसता येतं का?" मानसिंगरावानं इचारलं.

अंबुबाई दाराआडनं म्हनली, "चालताना पडत्यात कवा कवा, घोड्यावरनं न्हाय पडत."

टेंभुर्णीच्या अलीकडं, आटलेल्या भीमेच्या काठाला माळावर शुटिंग लागलं. पलीकडं धरनाचं ट्रक धुरळा उडवत जायचे. पयल्या दिवशी पिस्तुलातनं नुसत्या आवाजाची गोळी उडवली, तर धुळाप्पा घोड्यावरनं सरपटत खाली, जमिनीला छाती लावून पडला, तोंड मातीत, दोन्ही हात डोक्यावर. मानसिंगराव खूश! "वा! बघा रे, ह्याला म्हनत्यात ॲक्टिंग!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी धुळाप्पा उठंना. मग दोघांनी धरून उठवला. त्याची पँट वली झाली व्हती. 

हळूहळू सवय झाली. येका नटीसंगं गान्यात बी नाचवला त्याला, त्यो नाचला म्हंजे धनगरी गजीत ढोलावर नाचत्यात तसा नाचला, पाय आपटत. नटी हसून हसून खाली बसली. ते बी पिक्चरात ठिवलं.

खरा घोटाळा झाला तो दोन सीनांपायी. मानसिंगरावानं पयल्या दिसात गोडीगुलाबीनं त्याच्याकडनं लढाईची गोष्ट काढून घेतली व्हती. धुळाप्पानं दोस्त मेला एवढंच सांगितलं, फुडचं गिळलं. तर मानसिंगरावानं आपल्या मनानं लिवलं, की मरताना हिरो दोस्ताला मांडीवर घेऊन पानी पाजतोय.

तो सीन काढला त्या दिवशी तिथल्या खडीच्या कामावरच्या बाया बघाय आलत्या. रिकाम्या घागरी कमरंवर तशाच, कारन टँकर आला न्हवता. दोस्त म्हनून येक गोरा पोरगा झोपवला, पोटाला तांबडा रंग लावला. धुळाप्पानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बाटली तोंडाला लावली. हात कापला, पानी नाकावर सांडलं. "कट!" परत भरली. परत सांडलं. परत भरली. पोरगा ठसकाय लागला, "ओ, नीट वता की, बुडवता काय मला?" त्याच्या मानंखालची वाळू भिजून काळी पडली. मागनं येक बाई वरडली, "आरं, असलं पानी वाळूला पाजत्यात व्हय? आमच्या घागरीत वता की!" मानसिंगरावानं तिला गप केलं. बऱ्याच येळानं येकदाचं पानी पोराच्या तोंडात गेलं. तो घटाघटा प्याला. धुळाप्पा त्याच्याकडं बघतच ऱ्हायला. सीन संपला तरी बाटली लावूनच. म्हनं पिक्चरातला सगळ्यात चांगला सीन त्योच झाला.

दुसरा सीन दोस्ताच्या आयचा. ती इचारती, "माज्या लेकाला पानी कुनी पाजलं?" हिरो बिरोबाफुडं भंडारा उचलतोय आनि सांगतोय, "म्या पाजलं."

धुळाप्पानं आधीच सांगितलं, "सायेब, गुलाल उचलतो, माती उचलतो, पन भंडारा नगं. आमच्यात भंडारा उचलला की ते पक्कं झालं. खोटं बोलून उचललं तर घर बसतंय."

"आरं बाबा, रंगपंचमीचा पिवळा रंग हाय त्यो! तुला हळद कुनी दिली?"

रंग म्हनल्यावर तो तयार झाला. पन माळावरचा वारा कुनाच्या बापाचा? ताटातला रंग पार उडून गेला, नटीच्या केसात, कॅमेऱ्यात, सगळीकडं. ऊन उतरत चाललं व्हतं. मानसिंगरावाचा येक हरकाम्या पळत गेला आनि माळावरच्या बिरोबाच्या देवळीतनं देवाफुडचं ताट उचलून आनलं. ताट जवळ आल्या आल्या धुळाप्पाला वास आला. हळदीचा, तेलाच्या काजळीचा. त्यो मागं सरला.

"मानसिंगराव, ह्यो देवाचा हाय."

"मग बेस झालं की! खरा दिसंल."

"म्या न्हाय उचलत."

"धुळाप्पा, ऊन चाललंय. हितं एवढी मानसं उपाशी थांबलीत, सीन झाल्यावर जेवान हाय त्यांचं. चला, फुडं व्हा!"

फुडं व्हा म्हनल्याबरुबर त्याचा पाय उचलला. वाळूत उचलला व्हता तसाच. त्यानं मूठ भरली, वर धरली, आनि लिवून दिलेलं बोलला: "बिरोबाची आन हाय. त्याच्या तोंडात पानी म्या घातलं, ह्या हातानं." भंडारा बोटाच्या फटीतनं खाली गळत व्हता. तवा मातूर हात जरा बी कापला न्हाय. तेच त्याला लई दिस खात ऱ्हायलं, की पानी पाजताना कापला आनि खोटं बोलताना कापला न्हाय.

पिक्चर तुफान चालला. त्याचं नाव काय लांबलचक व्हतं, पन मानसं नुसती 'टोपीवाला' म्हनायची. सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात. विडीच्या कारखान्यातल्या पद्मसाळ्याच्या बाया घोळक्यानं जायच्या. पोरं डोक्याला टोपलं बांधून काठीवर घोडं घोडं खेळायची. धुळाप्पानं सोलापुरात खोली घेतली, अंबुबाईला नेलं. तिला शहर गोड लागंना. म्हनायची, "हितं मानसं तुमाला बघून हसत्यात, पन तुमच्यासंगं कोन बोलत न्हाय." त्यानं फुडचा पिक्चर घेतला, तसलाच. त्याच्याफुडचा बी तसलाच. टोपी, घोडं, गोळ्या, आनि दर पिक्चरात शेवटाला भंडाऱ्याचा सीन. का? तर त्या सीनला पब्लिक पडद्यावर चिल्लर फेकतंय.

तानाबाईनं पिक्चर बघितला न्हवता. तिला असल्याची आवड न्हाय. पन सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रंत तंबूत त्यो लागला, आनि चिमाबाई तिला वडून घेऊन गेली. "चल गं, तुज्या धुळ्याला टोपीत बघ. गोरा दिसतोय म्हनं." बाया येका अंगाला, गडी येका अंगाला, खाली सतरंजी. तानाबाई डोईवर पदर घेऊन बसली. घोड्यावर आला तवा हसली. नटीसंगं नाचला तवा तोंडाला पदर लावला, "अगं बया!" मग लढाई आली. त्यो गोरा पोरगा मांडीवर पडला, पानी प्याला. तानाबाई हसायची थांबली.

मग भंडारा आला. तंबूतल्या जेवढ्या धनगरांनी त्यो बघितला त्यांनी पायताणं काढली, हात जोडले, कुनीतरी वरडलं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आनि धुळाप्पाचं एवढं मोठं तोंड बोललं, पानी म्या घातलं, ह्या हातानं.

शिकलेली मानसं म्हनतील, काय खुळी लोकं! पन ह्या धनगरांच्या लेखी टोपी खोटी असंल, घोडं खोटं असंल, नटी तर खोटीच. भंडारा खोटा कसा असंल? भंडारा उचलून कुनी खोटं बोललेलं त्यांनी उभ्या जल्मात बघितलं न्हवतं.

तानाबाई वाडीवर परत आली. त्या सांजंला तिनं दगडावरचा तांब्या उचलला, पानी तुळशीला वतलं आनि तांब्या पालथा घातला. मग आधी स्वता पानी प्याली. चिमाबाईनं बघितलं ते. म्हनली, "बाई किती वर्सांनी तहान भागल्यावानी प्याली."

ही बातमी अंबुबाईनंच धुळाप्पाला सांगितली, खुशीनं सांगितली. "आत्तीनं तांब्या पालथा घातला! तुमी उगं लपवत व्हता. पानी पाजलं ते चांगलंच केलं की, सांगाय काय झालं व्हतं?" त्यो भाकरी खात व्हता. हातातला घास ताटात ठिवून हात धुवाय उठला. त्या दिसापासनं त्याला आन्न ग्वाड लागंना. अंबुबाईचं पोट पडलं, तेवढ्यात. डाक्टर म्हनला, अंगात रगत न्हाय म्हनून पडलं. धुळाप्पा म्हनला, न्हाय, भंडाऱ्यानं पडलं. कुनी काय बी म्हनू दे, त्याचं त्याला ठावं.

पन तोंड उघडावं कसं? खरं सांगितलं तर बाईचा तांब्या परत दगडावर. न्हाय सांगितलं तर तिला फसवून वर देवाचं खोटं. ह्या दोन्हीच्या मधी त्यो सापडला.

बिरोबाची जत्रा आली. त्याला सांगावा आला, "आत्तीनं बोलावलंय, आलंच पायजे." गेला. ढोल घुमत व्हते, गजी चालली व्हती, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं व्हतं. पोरं त्याच्याभवती, "टोपी कुटंय? टोपी कुटंय?" तानाबाई नवं लुगडं नेसून देवळाफुडं उभी. हातात घोंगडं. तिनं स्वता सूत काढून विनून घेतलेलं, काळंभोर. ढोल थांबवाय लावलं तिनं.

"पंचांनो, आयका. बायांनो, तुमी बी आयका. माज्या ज्ञानूच्या तोंडात ह्येनं पानी घातलं. मला आता मागं कोन न्हाय. म्या ह्येला ल्योक म्हनून घेतला. माजं जे काय हाय ते ह्येचं. आनि म्या मराय लागले की माज्या तोंडात पानी ह्येनंच घालायचं." तिनं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. "उचल रं धुळ्या भंडारा. व्हय म्हन."

पुजाऱ्यानं ताट फुडं धरलं. तोच वास.

धुळाप्पाचा हात वर येईना. मानसं थांबली. कुनीतरी हसून म्हनलं, "आरं, क्यामेरा न्हाय म्हनून हिरो रुसला काय?"

"आत्ती, म्या न्हाय उचलत."

"का रं? येकदा उचललास की. साऱ्या सोलापुरानं बघितलाय."

"त्यो खोटा उचलला."

पुजारी म्हनला, "पिक्चरातला म्हनतोय त्यो. पिक्चरातलं सोड."

"पिक्चरात बिरोबा येगळा असतोय व्हय?" तानाबाई म्हनली. तिची नजर धुळाप्पावरनं हलली न्हाय. "काय खोटं? नीट सांग."

मग त्यानं सांगितलं. सगळ्यांफुडं, मान खाली घालून. गोळी कुटं बसली. काय मागितलं. सुभेदार काय म्हनला. आनि आपन काय म्हनलो, ते 'आलोच' बी सांगितलं. मुठीतली वाळू सांगितली. तोंडातली नसती सांगितली तर बरं झालं असतं, पन सांगाय लागला तसा थांबला न्हाय.

तानाबाईनं येकच इचारलं. "बाटल्या दोनी तुज्याकडंच व्हत्या?"

"व्हय आत्ती."

"रिकाम्या व्हत्या का भरल्या?"

"भरल्या."

तिनं त्याच्या खांद्यावरचं घोंगडं वडून घेतलं, नीट घडी घातली, काखंत मारलं आनि घराकडं चालाय लागली. फुडं वाट आपसूक मोकळी झाली. जरा येळानं सगळ्यांनी बघितलं, तिनं तांब्या घासला, भरला, दगडावर ठिवला. ढोल त्या दिवशी परत वाजला न्हाय.

मानसिंगराव गाडी घेऊन आला समजूत काढाय. नवा पिक्चर ठरला व्हता. "धुळाप्पा, शाना हायस की तू. पिक्चरातलं कोन खरं धरतंय?"

"आमी धरतो सायेब."

"मग भंडारा काढून टाकू. नुसत्या गोळ्या मार."

"गोळ्या बी नगंत."

मानसिंगरावानं दुसरा गडी धरला, त्यालाच टोपी घातली. चौकातली पाटी खरडून तिच्यावर दुसरं तोंड रंगवलं. धुळाप्पा खोली सोडून अंबुबाईसंगं वाडीवर परत आला. टोपी घरी ऱ्हायली, तिच्यात अंबुबाईनं कोंबडी अंड्यावर बसवली. तेवढीच ती उपेगाला आली.

तानाबाई त्याच्याशी परत कवा बोलली न्हाय. अंबुबाईशी बोलायची, भाजी द्यायची, तिच्या हातची भाकरी बी घ्यायची. धुळाप्पा दिसला की तोंड फिरवायची. त्यो रोज मुकाट्यानं तिच्या दारात पान्याची घागर आनून ठिवायचा. ती घागर ती झाडाला वतायची.

दोन वर्सं गेली. बाईनं हातरून धरलं. ताप, मग वाचा बी बसत चालली. वाडीतल्या बाया भवती बसल्या. धुळाप्पा बाहीर त्या दगडापाशी उभा. अंबुबाईनं दारातनं हाक मारली, "अवं, या. पानी मागतीय." त्यो आत आला. तांब्यातनं चमच्यात पानी घेतलं, गुडघ्यावर बसला. ह्या येळंला हात कापू दिला न्हाय त्यानं. "आत्ती," म्हनला, "पानी."

तानाबाईनं डोळं उघडलं. वळखलं. आनि व्हट मिटून घेतले, घट्ट. पानी हनुवटीवरनं मानंवर आलं. त्यानं परत चमचा लावला. परत मिटले. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलेली, तरी मिटले.

अंबुबाईनं त्याच्या हातातनं चमचा घेतला. तिच्या हातचं ती प्याली. चमच्यामागनं चमचा, घटाघट, ज्ञानूवानी. मग गेली.

त्या फुडं धुळाप्पा वाडीवर ऱ्हायला न्हाय. टेंभुर्णीला गेला, हमरस्त्यावर, जिथं सगळ्या गाड्या थांबत्यात. तिथं येका लिंबाखाली वाळूत रांजन पुरले नि पानपोई घातली. अंबुबाई लांबनं पानी आनून भरायची, त्यो पाजायचा. ट्रकवाले, ऊसवाले, मेंढरं घेऊन जानारे धनगर. येखादा ड्रायव्हर निरखून बघायचा.

"ओ, तुमी त्यो टोपीवाला का? घोड्यावरचा?"

"न्हाय. पानी प्या."

गर्दी झाली, चार जनांनी येकदम हात फुडं केले, तरी 'आलोच' म्हनून कुनाला थांबवायचा न्हाय. ज्येचा हात आधी दिसला त्येच्या वंजळीत पानी सोडायचा, आनि दुसऱ्या हातात दुसरा तांब्या, त्यो बी भरलेला, तयारच धरलेला असायचा.